‘सांगून कळत नाही!’

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी आठवड्यातून एकदा तरी हा प्रसंग घडे. चिरंजीव शाळेत आणि दप्तर खुंटीवर! गृहपाठ केलेला असे, पण वही बाईंना द्यायची राहून जाई. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. उपदेशाला शब्द कसे कमी पडणार? आळशी, वेंधळा, बेफिकीर अशी कोशातली सारी विशेषणे संपली. दप्तर मात्र खुंटीवरच. एके सकाळी रागाच्या भरात माझा हात उठला. तेव्हा ते नऊ वर्षांचे पोर रडत म्हणाले, “बाबा, मला सगळं ठाऊक असतं हो, पण त्या वेळी आठवतच नाही!”

त्या एका वाक्याने आम्हांला मानसतज्ज्ञ बाईंच्या दारी नेले. कामाला हात घालणे, क्रम लावणे, मोह आवरणे, सांगितलेले ध्यानात धरणे, हा मनाचा कारभार. शास्त्रात त्याला ‘कार्यकारी क्षमता’ म्हणतात. ती बरीचशी कपाळामागच्या मेंदूवर अवलंबून असते, आणि तो भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. काही मुलांत हा कारभारी उशिरा कामावर रुजू होतो. एडीएचडी असलेल्या मुलांत मेंदूच्या बाह्यकाची वाढ सरासरीने सुमारे ३ वर्षे मागे असल्याचे फिलिप शॉ व त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांना २००७ साली आढळले. मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले यांचे सांगणे असे, की ह्या मुलांत उणीव ज्ञानाची नसते. ते ऐन वेळी आचरणात आणण्याची असते. म्हणजे माझी सारी व्याख्याने फुकट गेली होती!

वर्तनोपचारात मुलापेक्षा आईबापांनाच अधिक शिकावे लागते. बाईंनी एकच काम निवडायला सांगितले : दप्तर. रात्री जेवणापूर्वी ते भरायचे आणि दाराच्या कडीशी टेकवून ठेवायचे. दारावर, मुलाच्या नजरेच्या उंचीवर, तीन चित्रे : वही, डबा, पाण्याची बाटली. एकेक वस्तू ठेवली की एकेक खूण. तीन खुणा झाल्या की त्याच रात्री बाबांबरोबर कॅरमचा एक डाव. परीक्षेनंतरची सायकल अशा मुलाला फार दूरची वाटते. सूचना जवळ जाऊन, एका वेळी एकच द्यायची. काम झाले की “शहाणा!” एवढ्यावर न थांबता “आज डबा आठवणीने ठेवलास” असे सांगायचे. आणि मिळवलेली खूण रागाने पुसायची नाही.

तिसऱ्या आठवड्यात सारे सुरळीत झालेले पाहून मी चित्रे काढून टाकली. चौथ्या दिवशी दप्तर पुन्हा खुंटीवर! बाई हसून म्हणाल्या, “दिसू लागलं म्हणून चष्मा काढून घेता का?” आधार काढायचा तो हळूहळू, एकेक चित्र करून. काही मुलांना जोडीला औषधही लागते. तो निर्णय डॉक्टरांचा.

गेल्या दिवाळीत चिरंजिवांनी गॅलरीत किल्ला केला. दगड, माती, बुरूज, मावळे असा क्रम स्वतःच कागदावर लिहून भिंतीला चिकटवला होता. अळीव पेरायचे मात्र राहिले. ते माझ्या ध्यानात आले, पण मी बोललो नाही. माझाही उपचार चालू आहे, एवढेच त्यावरून समजावे.