रंग देण्याआधी घर तपासा

ईद जवळ आली की आपल्या घराघरांत साफसफाई सुरू होते. पडदे धुतले जातात, माळ्यावरची भांडी खाली उतरतात, जमले तर भिंतींना रंगाचा एक हात दिला जातो. पाहुणे येणार, घर चांगले दिसले पाहिजे, ही भावना योग्यच आहे. पण ओल आलेल्या भिंतीवर रंग दिला की ती दोन महिनेच चांगली दिसते. सैल झालेल्या बोर्डाला चिकटपट्टी लावली की तो सरळ दिसतो, एवढेच. आतला दोष तसाच राहतो आणि वाढत जातो.

जुनी मोटारसायकल घ्यायची असेल तर आपण ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर बघतो. ज्या घरात आपली मुले झोपतात, त्या घराची वायरिंग मात्र वीस-वीस वर्षे कोणी उघडून बघत नाही.

आमच्या शाळेत विजेचा धडा आला की आम्ही मुलांना एक घरचा अभ्यास देतो. घरभर फिरा, काहीही उघडू नका, कशालाही हात लावू नका. फक्त बघा, घरातल्यांना विचारा आणि लिहून आणा. वह्या दरवर्षी नव्या असतात, मजकूर जवळपास तोच असतो. ‘फ्रीजला हात लावला की अम्मीला झिणझिण्या येतात.’ ‘मिक्सर लावला की बोर्डातून चर्र आवाज येतो.’ ‘दादी न्हाणीत घसरली होती.’ ‘पावसात जिन्याच्या भिंतीला शॉक लागतो.’

या वह्या तपासताना एक गोष्ट आमच्या लक्षात आली. घरातला दोष घरात कोणाला तरी ठाऊक असतोच. बहुतेक वेळा तो दिवसभर घरात वावरणाऱ्या बाईला ठाऊक असतो, म्हाताऱ्या माणसाला किंवा मुलाला ठाऊक असतो. ती सांगते, तेव्हा उत्तर मिळते, ‘चप्पल घालून हात लाव.’ ज्याला दोष दिसतो त्याच्या हातात खर्चाचा निर्णय नसतो आणि ज्याच्या हातात निर्णय असतो तो दिवसभर बाहेर असतो. बरेचसे अपघात या दोघांच्या मधल्या जागेत घडतात. म्हणून ही तपासणी घरातल्या सर्वांनी मिळून करायची आहे.

स्वयंपाकघर

सुरुवात गॅसच्या नळीपासून करू या. शेगडीची नारिंगी सुरक्षा नळी घेतली असेल तर तिच्यावर तयार झाल्याचे वर्ष छापलेले असते. पाच वर्षे झाली की ती बदलायची, वरून चांगली दिसत असली तरी. नळी दुमडून पाहावी. बारीक चिरा दिसल्या किंवा ती कडक लागली तर पाच वर्षांचीही वाट पाहू नये. नळी शेगडीच्या मागून, तापणाऱ्या भागाला लागून नेलेली नसावी.

सिलिंडर घेताना आपण वजन बघतो, सील बघतो. त्याच वेळी वरच्या कड्याखालच्या पट्टीवर आतल्या बाजूला लिहिलेले अक्षर आणि आकडाही बघावा. तिथे ए, बी, सी किंवा डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या मुदतीपर्यंत सिलिंडरची पुन्हा चाचणी व्हायला हवी. मुदत उलटलेली असेल तर सिलिंडर परत करावा.

सिलिंडर नेहमी उभा, मोकळ्या हवेत आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर असावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता फरशीवर पसरतो आणि ओट्याखालच्या बंद कपाटात साचून राहतो. गळतीची शंका आली तर साबणाचे पाणी नळीच्या जोडांवर लावून बघावे, बुडबुडे आले की समजावे. काडी ओढून बघणारे लोक अजूनही आहेत, त्यांना थांबवा. वास येत असेल तर दिवा, पंखा, एक्झॉस्ट यांचे कोणतेही बटण चालू करू नये आणि बंदही करू नये, कारण बटणात उडणारी ठिणगी पुरेशी असते. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांना बाहेर काढावे आणि बाहेर गेल्यावरच १९०६ या गळतीच्या मदत क्रमांकावर फोन करावा.

रमजानमध्ये आपल्या स्वयंपाकघरावर जास्त ताण असतो. सहरीला अर्धवट झोपेत शेगडी पेटते, इफ्तारच्या आधी घाईघाईने कढईत तळण चालते. तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी टाकू नये, पेटते तेल उडून सर्वत्र पसरते. गॅस बंद करून कढईवर झाकण किंवा मोठी परात ठेवावी आणि ती थंड होईपर्यंत उचलू नये. नायलॉनची ओढणी शेगडीपाशी बांधून घ्यावी.

झोपण्यापूर्वी घरातला विस्तव विझवावा, ही ताकीद हदीसमध्ये आली आहे. आजच्या घरात रेग्युलेटर बंद करणे, डासांची कॉईल अंथरुणापासून दूर ठेवणे, इस्त्रीची पिन काढणे, हे सगळे त्यातच आले.

वीज

आता त्या झिणझिण्यांकडे येऊ. फ्रीजला, वॉशिंग मशीनला किंवा नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर यंत्रात कुठेतरी वीज गळते आहे आणि घराचे अर्थिंग नीट नाही, असे समजावे. चप्पल घातल्याने दोष जात नाही. एखाद्या दिवशी पाय ओले असतात किंवा मूल अनवाणी असते.

बरेच जण म्हणतात, ‘आमच्याकडे एमसीबी आहे.’ एमसीबी वायरचे रक्षण करते. १६ अँपिअरची एमसीबी त्याहून जास्त प्रवाह वाहू लागल्यावर खाली पडते. माणसाचा जीव धोक्यात यायला त्याच्या कितीतरी कमी प्रवाह पुरतो. त्यासाठी आरसीसीबी नावाचे वेगळे यंत्र मुख्य पेटीत लागते. घरासाठीची आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची, म्हणजे एका अँपिअरच्या सुमारे तेहतिसाव्या भागाएवढी गळती झाली की क्षणार्धात वीज तोडते. तिच्यावर ‘टी’ लिहिलेले एक छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे, वीज गेली पाहिजे. गेली नाही तर वायरमनला बोलवावे. तुमच्या पेटीत असे बटणच नसेल तर आरसीसीबी बसवण्याचा खर्च रंगाच्या आधी करावा. सोबत अर्थिंगही तपासून घ्यावे, कारण एक असले म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही.

दुसरा नेहमीचा दोष म्हणजे लहान पिनेवर मोठे काम. २,००० वॅटचा गीझर सुमारे पावणेनऊ अँपिअर वीज ओढतो. घरातले साधे सॉकेट ६ अँपिअरचे असते. अशा सॉकेटवर किंवा स्वस्त एक्स्टेंशन बोर्डावर गीझर, हीटर, ओव्हन चालवले तर आतला जोड तापतो, प्लास्टिक पिवळे पडते आणि एके दिवशी जळते. अशा उपकरणांना १६ अँपिअरचे मोठे सॉकेट आणि त्याला शोभेल अशी जाड वायर हवी. बोर्डाला हात लावून तो गरम लागत असेल, जळका वास येत असेल किंवा आवाज येत असेल तर तो वापरणे त्याच क्षणी बंद करावे. जुन्या घरांतल्या फ्यूजमध्ये वितळतारेऐवजी जाड तार गुंडाळलेली असेल तर फ्यूज असून नसल्यासारखा आहे.

पाण्याची मोटर हा आपल्या गावांतला खास धोका आहे. नळाला पाणी आले की घाईत दारातच मोटर ठेवली जाते, वायरचे जोड उघडे असतात आणि खाली सगळे ओले. मुले तिथेच भांडी घेऊन उभी असतात. नळाच्या लाइनीला थेट मोटर लावणे नियमाला धरून नाही, ते वेगळेच. टाकीची मोटर असेल तर ती कोरड्या, उंच जागी पक्की बसवून घ्यावी आणि मोटर चालू असताना कोणी तिला हात लावू नये.

न्हाणीघर

गॅस गीझर बंद न्हाणीघरात बसवलेला असेल तर तो आजच बंद ठेवावा. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला आधी डोकेदुखी होते, गरगरते आणि दार उघडण्याआधीच तो बेशुद्ध पडू शकतो. गीझर बाहेर मोकळ्या जागी बसवून आत फक्त गरम पाण्याचा नळ आणावा.

पाणी तापवायची विजेची कांडी वापरत असाल तर पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये आणि लहान मुले घरात असताना ती बादली न्हाणीत एकटी सोडू नये.

वृद्धांसाठी सर्वांत मोठा धोका साध्या फरशीचा असतो. वुजूची जागा, न्हाणी आणि शौचालय यांच्या भिंतीत धरायला पक्का दांडा, खाली खरबरीत फरशी आणि रात्री जळणारा एक लहान दिवा, एवढ्याने पुष्कळ काम होते. जिन्यातला गेलेला बल्ब आणि हलणारा कठडा यांचीही यादीत नोंद करावी.

ओल, चिरा आणि इमारत

छतातून ओल येते तेव्हा प्रश्न फक्त डागाचा नसतो. पाणी स्लॅबमधल्या लोखंडी सळीपर्यंत पोहोचले की ती गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीटला ढकलतो. म्हणून प्लॅस्टर फुगते, ठोकल्यावर पोकळ वाजते आणि शेवटी तुकडे पडतात. अशा जागी नुसते प्लॅस्टर आणि रंग म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. आधी पाणी कुठून येते ते शोधावे, वरची गच्ची असो की शेजाऱ्याची न्हाणी. मग सळी साफ करून जाणकाराकडून दुरुस्ती करावी.

प्लॅस्टरवरच्या केसासारख्या बारीक चिरा सहसा वरवरच्या असतात. पण खांब किंवा तुळईवरची चीर, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी चीर आणि वाढत जाणारी चीर यांकडे दुर्लक्ष करू नये. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी. खुणेच्या पुढे चीर गेली की इंजिनिअरला बोलवावे. भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप नुसते वरून कापले तर ते पुन्हा फुटते, मुळे आत भिंत फोडत राहतात. ते मुळासकट काढून ती जागा बुजवावी लागते.

३१ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईच्या भेंडी बाजारात हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे गेली. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळली, त्यात १६ जणांचा जीव गेला. भेंडी बाजारची इमारत शंभर वर्षांहून जुनी होती, महाडची तशी नवी होती. जुन्या घरातच धोका असतो, हा समज म्हणून खरा नाही. आणि दोन्ही घटना पावसाळ्यातल्या आहेत.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीची दर तीन वर्षांनी व्हायला हवी. आपल्या सोसायटीत शेवटची तपासणी कधी झाली, हे पुढच्या सभेत उठून विचारावे. खालच्या मजल्यावर दुकान मोठे करण्यासाठी कोणी भिंत किंवा खांब फोडत असेल तर तो त्याचा खाजगी मामला नसतो. वरच्या सर्व घरांचा भार त्यावर असतो.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी दोष मालकाला तोंडी न सांगता लेखी कळवावा, फोटो जोडावा आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.

खिडक्यांच्या ग्रिलकडेही एकदा बघा. चोराच्या भीतीने आपण घर चारही बाजूंनी बंद करतो. आग लागली तर बाहेर कुठून पडणार? एका ग्रिलला आतून उघडणारे दार असावे आणि त्याची किल्ली कुठे टांगली आहे हे मुलांनाही माहीत असावे.

यादी कशी करावी

एका रविवारी वही घेऊन बसा. आधी घरातल्या बाईला, मग वृद्धांना, मग मुलांना एकच प्रश्न विचारा: ‘या घरात तुम्हाला कशाची भीती वाटते?’ मधे बोलू नका, लिहून घ्या. मग पानाचे तीन भाग करा. पहिल्या भागात आजच आपल्याला करता येईल ते, जसे नळीची तारीख बघणे, बल्ब बदलणे, किल्लीची जागा ठरवणे. दुसऱ्यात वायरमन, गॅस एजन्सीचा मेकॅनिक किंवा प्लंबर यांचे काम. तिसऱ्यात इंजिनिअर आणि सोसायटीचे काम. विजेचे आणि गॅसचे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या, ‘आमचा मुलगा करतो सगळे’ हे उत्तर इथे चालत नाही. प्रत्येक ओळीपुढे तारीख लिहा आणि काम झाले की खूण करा.

पैसे कमी असतील तर क्रम असा ठेवा: आधी गॅसची नळी, मग आरसीसीबी आणि अर्थिंग, मग गॅस गीझरची जागा, मग छताची गळती. रंग सर्वांत शेवटी. यंदा भिंती जुन्याच रंगाच्या राहिल्या तरी ईदला येणारे पाहुणे नाराज होणार नाहीत.