जागा आवडली, कागद नाही

महाबळेश्वरचं ते रिसॉर्ट म्हणजे आमचं दुसरं माहेरच! म्हणून ओळखीच्या एका काकू म्हणाल्या, "आमचं टाइमशेअर घेतेस का? अर्ध्या किमतीत देते," तेव्हा मन केव्हाच तिथल्या व्हरांड्यात जाऊन बसलं. भिशीचे पैसेही नुकतेच हाती आले होते.

पण बचत गटातल्या बायकांना मी नेहमी सांगते, सही करण्याआधी कागद वाचा. मग मीही वाचायला बसले. जागेची मालकी नव्हतीच. नुसता वर्षातून एक आठवडा राहण्याचा हक्क. २५ वर्षांपैकी ९ उरलेली. आठवडा कुठला, तर भर पावसाळ्यातला! देखभालीचे पैसे मात्र दरवर्षी भरायचे, जा नाहीतर घरी बसा; वर ते वाढत जाणार. नावावर करण्याची फी वेगळी आणि दोन वर्षांची थकबाकीही होती. त्याबद्दल काकू बोलल्याच नव्हत्या.

"मग काय ठरलं?" ह्यांनी विचारलं. मी वही पुढे केली.

काकूंना 'नाही' म्हणताना जीव अवघडला. पण भिशीचे पैसे मुदत ठेवीत टाकले. आता व्याज साठलं की जाऊ, मुलांच्या सुट्टीत, आपल्या सोयीनं!

मैत्रिणींनो, जागा आवडली म्हणून कागदही आवडेलच असं नाही.