बाळंतिणीच्या मनाची विचारपूस

मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली की तिच्या शरीराची काळजी आपल्याकडे मोठ्या साक्षेपाने घेतली जाते. तेल, शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. सव्वा महिना तिला जपले जाते. परंतु तिच्या मनाची विचारपूस कोण करतो? ती रडू लागली, तर ‘अशा वेळी डोळ्यांतून पाणी काढू नये’ असे सांगून तिलाच गप्प केले जाते.

प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणे हे बहुसंख्य मातांच्या बाबतीत घडते आणि दोन आठवड्यांत ते आपोआप ओसरते. मात्र उदासी त्यापुढेही टिकली, बाळ निजले तरी डोळा लागेना, अन्न गोड लागेना, बाळाविषयी माया वाटेना आणि ‘मी आई होण्यास नालायक आहे’ हा विचार पाठ सोडीना, तर तो आजार समजावा. त्यास नाटक म्हणणे अन्यायाचे आणि बाहेरची बाधा समजणे धोक्याचे आहे.

गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात आलेल्या मातांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांपैकी २३ टक्के मातांना हा आजार असल्याचे आढळले. दारिद्र्य आणि पतीशी बेबनाव यांच्या जोडीला मुलगी जन्मणे हाही त्यात एक धोक्याचा घटक ठरला! मुलीच्या जन्माने नाराज होणाऱ्या घरांनी यावर विचार करावा.

सव्वा महिना सरून मदतीचे हात कमी होतात, तोही हाच सुमार. सुदैवाने याच काळात आशा कार्यकर्ती बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येते आणि दीड महिन्याच्या लशीसाठी आई बाळाला घेऊन आरोग्य केंद्रात जाते. बाळाचे वजन करताना आईलाही चार प्रश्न विचारावेत. १९८७ पासून प्रचलित असलेली एडिंबरो प्रश्नावली अवघ्या दहा प्रश्नांची आहे.

हा आजार समुपदेशनाने व औषधांनी बरा होतो. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालतील अशी औषधे डॉक्टर देऊ शकतात. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. जीव देण्याचे वा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, भास होत असतील, तर मात्र तिला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

‘मला बरे वाटत नाही’ असे ती म्हणाली, तर घरच्यांनी उपदेश करू नये. ती रात्र बाळाला आपण सांभाळावे आणि सकाळी पतीने तिच्यासोबत दवाखान्यात जावे.