वडीलधाऱ्यांचा संगणक : किंमत आणि खर्च

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या आपल्या प्रणालीचा नियमित सांभाळ थांबविला. पुढील 'विंडोज ११'ला ज्या प्रकारचा प्रोसेसर लागतो, तो २०१७ च्या आधी विकल्या गेलेल्या बहुतेक लॅपटॉपांत नाही. परिणामी, ज्यांत काडीचाही बिघाड नाही अशी असंख्य यंत्रे एका तारखेला सेवानिवृत्त ठरली. मुलाने नवा लॅपटॉप घेतला की जुना गावी आईवडिलांकडे पोचता करायचा, अशी रीत मध्यमवर्गीय घरांत आधीपासून रुळलेली होतीच. या तारखेमुळे तिला आणखी बळ मिळेल. म्हणूनच, घरातील वृद्ध माणसासाठी परवडणारा लॅपटॉप निवडावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, या प्रश्नाचा विचार एकदा नीट झाला पाहिजे. हा प्रश्न वरकरणी खरेदीचा दिसतो. वास्तविक तो खर्चाचा आहे, आणि किंमत व खर्च या दोन भिन्न गोष्टी आहेत हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते.

शिरूर तालुक्यातील केंदूरचे उदाहरण घेऊ. पुणे-नगर रस्त्यावरील शिक्रापूरहून पाबळकडे वळले की वाटेत हे गाव लागते. कान्होराज महाराजांच्या नावाने वारकरी त्यास ओळखतात. भाग अवर्षणाचा. शेजारच्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकण्याचा त्यांचा प्रयोग देशभर माहीत झाला, त्यामुळे या पट्ट्याला यंत्रांचे वावडे आहे असे कोणी म्हणू नये. या गावांतील तरुण चाकण, सणसवाडी, रांजणगाव किंवा पुणे येथे कामाला जातात आणि घरी मागे राहतात ती वडीलधारी माणसे. प्रस्तुत लेखकाचे मामा त्यांपैकीच एक. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षे उलटली. त्यांना लॅपटॉप हवा होता, आणि घरात त्यावर तीन मते पडली होती. पुतण्या म्हणे, माझा जुना पडून आहे तो न्या. सून म्हणे, सर्वांत स्वस्त नवा मागवू. तिसरे मत असे की, मोबाईल असताना या वयात लॅपटॉप कशाला?

हे तिसरे मत हसण्यावारी नेण्याजोगे नाही. निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला 'जीवन प्रमाण' योजनेखाली नोव्हेंबर २०१४ पासून संगणकीय पद्धतीने देता येतो, आणि आता तर मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही तो देता येतो. सात-बाराचा उतारा मोबाईलवर निघतो. परदेशी असलेल्या नातीचे तोंड मोबाईलवर दिसते. एवढ्याच गरजा असतील तर लॅपटॉप घेणे म्हणजे पैसे अडकवून ठेवणे होय. म्हणून मी मामांना पहिला प्रश्न विचारला तो यंत्राविषयी नव्हे. "मामा, तुम्हाला नेमकं काय करायचंय त्याच्यावर?"

"अरे, वह्या आहेत माझ्या," ते म्हणाले. "वाळवी लागायच्या आत उतरवून ठेवायच्यात. पोरांना माझं अक्षर लागत नाही, आणि तुझ्या त्या मोबाईलवर बोट ठेवावं तर दोन अक्षरं एकदम उमटतात."

या वह्यांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण सगळा हिशेब त्यांच्याभोवती फिरतो. नोकरीच्या आरंभापासून मामांनी पावसाची नोंद ठेवली आहे; बाजरीचा बाजारभाव, बैलजोडीची किंमत, १९७२ च्या दुष्काळात गावच्या कोणत्या कामावर कोणती माणसे जात होती, खडी फोडण्याची मजुरी किती, कोणते कुटुंब गाव सोडून गेले आणि कोणते परतले, हे सारे तिथे आहे. रोजगार हमीचा कायदा पुढे १९७९ मध्ये अंमलात आला. त्यामागचे जे जगणे सरकारी अहवालांत सरासरीच्या आकड्यांत विरघळून गेले, ते या वह्यांत नावानिशी आहे. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून या नोंदींचे मोल मला कळते. मामांना मात्र त्या 'संशोधना'साठी द्यावयाच्या नाहीत, स्वतः वाचून, गाळून, दुरुस्त करून लिहावयाच्या आहेत. हे काम मोबाईलवर होणारे नव्हे. रोज दोन तास, तीन-चार वर्षे चालणारे हे लेखनिकाचे काम आहे.

कामाची निश्चिती झाली की यंत्राची निवड बरीचशी आपोआप होते. पडदा मोठा हवा, साडेपंधरा इंचांच्या आसपास, आणि अक्षरे मोठी केली तरी ती रेखीव राहतील इतका दाट ठिपक्यांचा; बाजारात त्यास 'फुल एचडी' म्हणतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांना चकचकीत पडद्यापेक्षा मंद पृष्ठाचा बरा. कळा खोलगट दाबल्या जाणाऱ्या हव्यात. कंप असलेल्या बोटांना लॅपटॉपवरील स्पर्शपट्टी जमत नाही, तेव्हा तारेचा माऊस वेगळा घ्यावा. तो तीन-चारशे रुपयांत मिळतो आणि पाच हजारांच्या सुधारणेइतका उपयोगी पडतो. एका जागी बसून काम करणाऱ्यास लॅपटॉपऐवजी मोठ्या पडद्याचा टेबलावरचा संगणक अधिक सोयीचा, हे मी मान्य करतो. परंतु वीज गेल्यावर जे अंगच्या बॅटरीवर चालू राहते ते यंत्र आपल्या खेड्यांत अधिक शहाणपणाचे.

मराठी टंकलेखनाचा मुद्दा विक्रेता कधीच काढत नाही. १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेली 'इन्स्क्रिप्ट' ही कळरचना आज प्रत्येक संगणकात विनामूल्य असते. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला अशी तिची मांडणी बाराखडी शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या मास्तरांना आठवड्याभरात उमगते. इंग्रजी स्पेलिंगातून मराठी उमटविण्याची पद्धत तरुणांना सोपी वाटते, पण तिच्यासाठी आधी मराठी शब्द मनात रोमन लिपीत मांडावा लागतो. सत्तरी ओलांडलेल्या मराठी शिक्षकास ही कसरत करावयास लावणे मला अपमानास्पद वाटते. कळांवर चिकटवावयाची देवनागरी अक्षरे अल्प किमतीत मिळतात, ती आणावीत.

आता 'सर्वांत स्वस्त नवा' या मताकडे येऊ. स्वस्त संगणकाचे स्वप्न आपल्याकडे जुने आहे. कर्जत तालुक्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या आंतरराष्ट्रीय उपक्रमाची यंत्रे आली. २०११ मध्ये केंद्र सरकारने 'आकाश' या टॅबलेटचा गाजावाजा केला. २०२३ मध्ये रिलायन्सने 'जिओबुक' १६,४९९ रुपयांस आणले. त्यात ४ जीबी स्मृती आणि ६४ जीबी साठवण होती. हे सारे प्रयत्न विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवून झाले, हे लक्षात घ्यावे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती. त्यांच्या डोळ्यांचा आणि बोटांचा विचार करून स्वस्त यंत्र बनवावे असे ना सरकारला सुचले ना बाजाराला.

शिवाय ४ जीबी स्मृती आणि ६४ जीबी साठवण ही 'विंडोज ११'ची अधिकृत किमान गरज आहे. म्हणजे एवढ्याच ऐवजावर विंडोज चालविणारे नवे यंत्र पहिल्या दिवसापासून उंबरठ्यावरच उभे असते. प्रणाली दरवर्षी फुगत जाते. स्वस्त यंत्रातील स्मृती बहुधा मुख्य पाटीवर डाख देऊन बसविलेली असल्याने वाढविता येत नाही. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढल्याने स्मृतीच्या चिपांचे भाव चढले, तेव्हा स्वस्त यंत्रांत काटकसर होईल ती तिथेच, असा माझा अंदाज आहे.

हिशेब असा मांडून पाहावा. समजा, असे नवे यंत्र २१,००० रुपयांना घेतले आणि ते तीन वर्षे सुसह्य चालले. वर्षाचा खर्च ७,००० रुपये. समजा, कचेऱ्यांतून बाहेर पडलेले, ८ जीबी स्मृतीचे, फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी असलेले यंत्र २१,००० रुपयांनाच घेतले, त्यात ४,००० रुपयांची नवी बॅटरी टाकली आणि ते पाच वर्षे चालले. वर्षाचा खर्च ५,००० रुपये. परंतु खरा फरक याहून मोठा आहे, कारण यंत्र अडले की शिक्रापूरहून माणूस बोलवावा लागतो, किंवा मुलाला अर्ध्या दिवसाची रजा टाकून यावे लागते. सर्वांत मोठा खर्च कोणत्याच पावतीवर येत नाही. दोनदा अडलेले यंत्र वृद्ध माणूस तिसऱ्यांदा उघडत नाही. 'मला जमत नाही' असे तो म्हणतो, दोष यंत्राचा असला तरी. मग त्या २१,००० रुपयांवर विणलेला रुमाल पडतो आणि वह्या वाळवीच्या हवाली होतात.

थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही कचेऱ्यांसाठी बनविलेली नावे जुन्या बाजारात मुबलक दिसतात. स्क्रू काढून उघडता येतील आणि सुटे भाग बदलता येतील अशी त्यांची अनेक प्रतिरूपे आहेत. इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर असेल तर 'विंडोज ११' चालते. त्याआधीचा असेल तर 'लिनक्स मिंट'सारखी विनामूल्य प्रणाली टाकावी. केवळ लेखन, वाचन आणि पत्रव्यवहार करणाऱ्यास तीत काही उणे पडत नाही.

जुन्या मालाच्या बाजारात फसवणुकीची भीती असतेच. जॉर्ज अकर्लॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले त्यामागे तोच निबंध होता. विक्रेत्यास मालाचा गुण ठाऊक असतो, ग्राहकास नसतो. म्हणून ग्राहक सरासरी गुणाइतकीच किंमत देऊ पाहतो, चांगल्या मालाचा धनी त्या किमतीस विकावयास तयार होत नाही, आणि बाजारात उरतो तो निकृष्ट माल. पुण्याच्या तपकीर गल्लीत उभे राहून हे प्रमेय विद्यार्थ्यांना उत्तम शिकविता येईल. त्यावरील तोडगा म्हणजे हमी. जो दुकानदार छापील पावती आणि निदान सहा महिन्यांची लेखी हमी देतो, तो आपल्या मालाविषयी जे जाणतो त्याची किंमत स्वतः मोजावयास तयार असतो. हजार-दोन हजार अधिक पडले तरी तेथेच घ्यावे. नव्या लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे ३०,००० रुपयांच्या यंत्रात सुमारे ४,५७६ रुपये कराचेच. जुन्या मालाच्या व्यापाऱ्यास काही अटींवर केवळ खरेदी-विक्रीतील फरकावर कर भरण्याची मुभा आहे, तेव्हा 'पावती घेतली तर महाग पडेल' हे त्याचे म्हणणे फारसे मनावर घेऊ नये.

आणि खरेदीस वृद्ध माणसाने स्वतः जावे. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास विनामूल्य आहे; पुणे काही सातासमुद्रापलीकडे नाही. कळा स्वतःच्या बोटांनी दाबून, पडदा स्वतःच्या चष्म्यातून पाहून घ्यावा.

राहिला पुतण्याचा जुना लॅपटॉप. यंत्र म्हणून तो वाईट नव्हता. पण तो त्याच्याच खात्यावर उघडत असे आणि त्याचे फोटो, त्याची पत्रे त्यात तशीच होती. मामा त्याला हात लावावयास संकोचत. भेट मिळालेल्या वस्तूची तक्रार करता येत नाही, हा तिचा न दिसणारा खर्च. शिवाय ज्याच्या नावाचे खाते, त्याच्या हाती किल्ली. निवृत्तिवेतन आणि जमिनीचे कागद ज्या यंत्रातून हाताळले जाणार, त्याचा पासवर्ड मुलाकडे किंवा पुतण्याकडे असावा, ही 'सोय' पुष्कळ घरांत प्रेमापोटीच केली जाते. तिचे परिणाम पुढे वाटपाच्या वेळी दिसतात. जुने यंत्र द्यावयाचे तर ते पूर्ण पुसून, नव्याने प्रणाली बसवून, वृद्धाच्या नावाचे खाते उघडून द्यावे. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली वृद्धांना तासन्‌तास पडद्यासमोर बसवून लुबाडल्याच्या बातम्या २०२४ पासून येत आहेत. त्यावर पासवर्ड काढून घेणे हा उपाय नव्हे. १९३० हा तक्रारीचा क्रमांक यंत्राच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत चिकटवावा आणि असली कोणतीही अटक कायद्यात नाही हे एकदा स्पष्ट सांगावे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने याच शिरूर तालुक्यातील रांजणगावला इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनाचा समूह मंजूर केला, ४९२.८५ कोटी रुपयांचा. त्यातून केंदूरच्या वृद्धांसाठी काही निपजेल तेव्हा निपजेल. तोवर आमच्या महाविद्यालयांना एक गोष्ट सहज करता येईल. दरवर्षी मार्चअखेरीस डेडस्टॉक रजिस्टरातून संगणक निर्लेखित होतात आणि ढीग लावून भंगाराच्या भावाने जातात. त्यांतील धडधाकट यंत्रांत लिनक्स टाकण्याचे काम संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक म्हणून होऊ शकते. गावच्या सार्वजनिक वाचनालयात असे एक यंत्र, मराठी कळांचे आणि मोठ्या पडद्याचे, एका कोपऱ्यात ठेवले, तर पैसे गुंतविण्यापूर्वी वृद्ध माणसास महिनाभर बसून पाहता येईल की हे आपल्याला हवे आहे की नाही. निर्लेखनाच्या ठरावात 'विक्री' या शब्दापुढे 'अथवा वाचनालयास हस्तांतरण' एवढे तीन शब्द घालावे लागतील. या मार्चमध्ये आमच्या महाविद्यालयाच्या समितीपुढे ती सूचना मी मांडणार आहे.