भयाचा चेहरा

आषाढी अमावास्येच्या सायंकाळी महाराष्ट्रात घासूनपुसून लखलखीत केलेले दिवे पाटावर मांडून त्यांची पूजा होते. त्याच दिवशी छत्तीसगढात हरेलीचा सण असतो. रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर भनपुरी आहे. आज ती कारखान्यांची आणि मालमोटारींची वस्ती झाली आहे. परंतु भोवतालचा मुलूख भाताचा, आणि त्या मुलखातील शेतकऱ्याचा वर्षाचा पहिला सण हरेली. त्या दिवशी नांगर-कुदळी धुऊन पूजतात, गुरांना पिठाच्या गोळ्यातून औषधी मुळ्या चारतात, मुले गेडीवर, म्हणजे बांबूच्या उंच पायांवर, चढून चिखलातून मिरवतात. दारोदार कडुनिंबाच्या डहाळ्या खोचल्या जातात. पावसाळ्यातील रोगराई दूर राहावी, हा त्यातील एक हेतू. दुसरा हेतू मात्र निराळा आहे. त्या रात्री टोनही बाहेर पडते, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

टोनही म्हणजे चेटकीण. आपल्या ‘जादूटोणा’ या शब्दातील टोणा तोच. गावात मूल आजारी पडले, दुभत्या गाईचे दूध आटले, बैल अचानक मेला, की कारण शोधण्यापेक्षा अपराधी शोधणे लोकांना सोपे वाटते. बोट बहुधा एखाद्या विधवेकडे, निपुत्रिकेकडे किंवा एकट्या वृद्धेकडे वळते. तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असला, तर कित्येकदा संशयाला लोभाचीही जोड मिळते. मग मारहाण, बहिष्कार, गावातून हकालपट्टी आणि प्रसंगी हत्या. या छळाला आळा घालण्यासाठी छत्तीसगढ राज्याने 2005 साली स्वतंत्र कायदा केला. एखादीला टोनही ठरविणाऱ्यास 3 वर्षांपर्यंत आणि त्या आरोपावरून तिचा छळ करणाऱ्यास 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद त्यात आहे. टोनहीची बाधा उतरविण्याच्या नावाखाली झाडफूक करणारा बैगाही त्यातून सुटत नाही. रायपूरचे नेत्रवैद्य डॉ. दिनेश मिश्र हे कोणतीही स्त्री टोनही नसते, एवढे एकच सत्य घेऊन गावोगाव हिंडत आले आहेत. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो 2013 साली. त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात हत्या झाली होती.

भय ही मनुष्याची आदिम भावना आहे. कलेनेही तिला कधी अव्हेरले नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक हा आठ रसांपैकी एक मानला आहे, आणि त्याची जी कारणे भरताने सांगितली, त्यांत ओसाड घर, अरण्य, कोल्हेकुई आणि घुबडाचा घूत्कार यांचा समावेश आहे. ही सामग्री आजच्या भयपटातही जशीच्या तशी आढळते. ‘नोस्फेरातू’ या 1922 सालच्या जर्मन मूकपटात रक्तपिपासू सरदार गलबतातून येतो आणि त्याच्याबरोबर उंदीर व महामारी येते. रामसे बंधूंच्या ‘वीराना’ या 1988 सालच्या हिंदी चित्रपटात चेटकिणीचा आत्मा एका तरुणीच्या देहात शिरतो. नाट्यगृहात आपण भितो, कारण आपण सुरक्षित आहोत हे आपल्याला ठाऊक असते. खेळ संपतो, दिवे लागतात आणि भयाचा रस होतो. गावातील भयाचे मात्र दिवे कोणी लावीत नाही. तेथे खेळ संपत नाही, आणि चेटकिणीची भूमिका जिच्या माथी मारलेली असते, तिला रंग पुसून घरी जाता येत नाही.

या दुःखाचे खापर चित्रपटावर फोडणे अन्यायाचे होईल. टोनहीची समजूत चित्रपटाहून पुष्कळ जुनी आहे. तथापि भयाला कोणाचा चेहरा द्यावयाचा, हा प्रश्न गावाप्रमाणे कलावंतापुढेही असतो. या प्रश्नाचे विलक्षण उत्तर एका मराठीभाषक कवीने याच छत्तीसगढात दिले. ते कवी म्हणजे गजानन माधव मुक्तिबोध. मराठी कवी शरच्चंद्र मुक्तिबोध यांचे हे वडील बंधू. जन्म 1917 सालचा, लेखन हिंदीत. रायपूरपासून सुमारे 70 किलोमीटरवरील राजनांदगाव येथे, दिग्विजय महाविद्यालयात, 1958 पासून ते अध्यापन करीत होते. 1964 साली त्यांचे निधन झाले.

मुक्तिबोधांच्या कवितेत भरताची सारी सामग्री आहे. ओसाड विहीर आहे, औदुंबर आहे, घुबडांची घरटी आहेत, ब्रह्मराक्षस आहे. परंतु हा ब्रह्मराक्षस कोणाच्या मुलाला झपाटीत नाही; तो आपल्याच अंगावरचा न निघणारा मळ अखंड घाशीत बसलेला एक विद्वान आहे. ‘अँधेरे में’ या दीर्घ कवितेत मध्यरात्री भुतांची असावी तशी मिरवणूक निघते, आणि तीत दिसतात ते शहरातील प्रतिष्ठित लोक: मंत्री, उद्योगपती, पत्रकार, कवी आणि त्यांच्याबरोबरीने चालणारा एक कुख्यात गुंड.

‘पक्षी और दीमक’ या त्यांच्या कथेत एक बोधकथा येते. एका तरुण पक्ष्याला वाळवी खाण्याची चटक लागते. गाडीवाला दोन किड्यांच्या बदल्यात एक पीस मागतो. बाप बजावतो, की हे आपले अन्न नव्हे. पण पक्षी ऐकत नाही. एकेक पीस देता देता त्याचे उडणे संपते. मग तो जमिनीवर फिरून स्वतः वाळवी गोळा करतो आणि आपली पिसे परत मागतो. गाडीवाला हसून सांगतो, की तो पिसे घेऊन वाळवी देतो, वाळवी घेऊन पिसे देत नाही. शेवटी एक काळे मांजर येते आणि पक्ष्याला उचलून नेते. काळे मांजर हे लोकसमजुतीत अशुभाचे चिन्ह. येथे मात्र ते निव्वळ भुकेले आहे. अंगावर शहारा येतो तो गाडीवाल्याच्या हसण्याने.

मराठी माणसाच्या दिग्दर्शनाखाली झालेला अलीकडचा एक हिंदी भयपटही याच वाटेने गेला. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (2018) कोकणातील पाऊस आहे, पडका वाडा आहे, गर्भगृहातील दैत्य आहे, परंतु प्रेक्षक ज्याला भिऊन घरी जातो तो आहे मनुष्याचा लोभ.

घुबडाला आपण अभद्र मानतो. दिवाळीच्या सुमारास अघोरी विधींसाठी त्याचा बळी देणारेही आहेत. वस्तुतः 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला अभय दिलेले आहे, आणि उंदीर खाऊन ते शेतकऱ्याचे धान्यच राखीत असते. हरेलीच्या रात्री भनपुरीपलीकडच्या एखाद्या शेताच्या बांधावर घुबड घुमले, तर ते आपली शिकार शोधीत आहे एवढाच त्याचा अर्थ. त्याच रात्री गावाच्या टोकाला राहणारी एखादी म्हातारी मात्र कडी लावून जागी असेल. त्या रात्रीचे खरे भय तिच्या वाट्याला आलेले असते, आणि तिला भय वाटते ते कडीपलीकडच्या शेजाऱ्यांचे.