वाटी केवढी?

"काका, काल सकाळी उठल्यापासून सांगा. घाई नाही."

डोंबिवली पूर्वेतल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही बसलो होतो. विचारणारी माझी आहारतज्ज्ञ भाची. सांगणारे शेजारचे काका: वय सहासष्ट, मधुमेह चौदा वर्षांचा, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. मी नुसती बघायला गेले होते. काय खाल्ल्याने मधुमेह्याचं हृदय शाबूत राहतं, याबद्दल रोज एक बातमी येते. त्या बातमीतला आकडा जन्मतो कुठे, ते मला पाहायचं होतं. पुष्कळदा तो असा दिवाणखान्यात, कालच्या आठवणीतून जन्मतो.

"सकाळी चहा, बिनसाखरेचा. गुरुवार होता, उपास. दुपारी साबुदाण्याची खिचडी, वाटीभर."

भाचीने पिशवीतून तीन स्टीलच्या वाट्या काढून टीपॉयवर मांडल्या. काकांनी मधलीवर बोट ठेवलं. काकू काही न बोलता आत गेल्या आणि त्यांची रोजची वाटी घेऊन आल्या. भाचीने मापाच्या भांड्याने पाणी ओतलं. मधली दीडशे मिलीला काठोकाठ भरली, घरची दोनशे चाळीसला.

"आणि दोनदा घेतली होती," काकू म्हणाल्या.

पाचच्या सुमारास फडके रोडला एक कटिंग झाला होता. "साखरेचा?" "अगं, कटिंग बिनसाखरेचा कुठे मिळतो?" रात्री उपास सोडला तो कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातल्या दोन पोळ्या आणि फ्लॉवरच्या भाजीवर. "भाजीत तेल किती असेल?" यावर सगळेच गप्प. भाचीने अंदाजाने दोन चमचे लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेल्या कोष्टकांत ५२८ खाद्यपदार्थांचं पृथक्करण आहे. त्यात फ्लॉवर सापडतो, पण केंद्रातल्या बाईंचा हात सापडत नाही.

"चुका दोन जातींच्या असतात," भाची मला हळूच म्हणाली. कुणी वाटी मोठी सांगतो, कुणी लहान. ही चूक दोन्हीकडे सांडते. आहार आणि हृदयविकार यांचा खरा संबंध त्यामुळे पुसट दिसतो, पण माणसं वाढवली तर, पुसट का होईना, ओळखू येतो. दुसरी जात वाईट. ज्याला पथ्य ठाऊक असतं, तो कटिंग विसरतो, आणि सगळे एकाच दिशेने विसरतात. तिथे हजाराच्या जागी लाख माणसं घेतली तरी चूक तेवढीच राहते, फक्त जास्त ठाम वाटू लागते.

शिवाय हा एकच दिवस, तोही उपासाचा. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. धडधाकट माणसाचं खाणंही दिवसागणिक खालीवर होतं, तेव्हा एका दिवसाच्या ताटावरून त्याला कुपोषित ठरवू नका, असं ते हट्टाने मांडत राहिले. वाद उपासमार मोजण्याचा होता. पण काकांच्या गुरुवारालाही तो तितकाच लागू पडतो.

मग आठवणीवर विसंबण्याऐवजी चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत आणि प्रत्येक गटाला ठरलेला आहार द्यावा. स्पेनमध्ये तसं केलं. प्रेडिमेड नावाच्या चाचणीत ७,४४७ जण होते, जवळपास निम्मे मधुमेही. ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा घातलेल्या भूमध्यसागरी आहाराने हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्के कमी झाले, असं २०१३ साली छापून आलं. पुढे जॉन कार्लाइल या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने हजारो चाचण्यांचे सुरुवातीचे तक्ते तपासले, त्यात प्रेडिमेडचे आकडे खटकले. शोध घेतल्यावर कळलं, की एका घरातल्या दुसऱ्या माणसाला चिठ्ठी न टाकताच पहिल्याचा आहार दिला होता. एका ठिकाणी तर अख्खे दवाखानेच एकेका गटात गेले होते. २०१८ साली निबंध मागे घेऊन नव्याने छापला. आकडा जवळपास तोच राहिला, भाषा मात्र नरमली.

हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "बरोबरच आहे त्यांचं. एका ओट्यावर ह्यांची भाजी वेगळ्या तेलात आणि माझी वेगळ्या तेलात, असं कोण करील?" चिठ्ठी माणसाच्या नावाने निघते, स्वयंपाक घराचा होतो.

केवळ मधुमेह्यांवरची मोठी चाचणी अमेरिकेतली, लुक अहेड. ५,१४५ जाडसर मधुमेही. अर्ध्यांना कमी उष्मांक, व्यायाम आणि पाठपुरावा, उरलेल्यांना नेहमीचं मार्गदर्शन. सुमारे साडेनऊ वर्षांनी, २०१२ साली, ती आवरती घेतली. हृदयविकार, पक्षाघात वगैरे घटना पहिल्या गटात ४०३ जणांना, दुसऱ्यात ४१८. कौल पाच हजार माणसांत नसतो, या आठशे घटनांत असतो. त्यांतून निघालेला निष्कर्ष असा, की धोका १७ टक्क्यांनी घटला असेल किंवा ९ टक्क्यांनी वाढलाही असेल. वजन मात्र उतरलं, साखरही सुधारली. म्हणजे पथ्य फुकट गेलं नाही; हृदयापुरता फायदा सिद्ध झाला नाही, एवढंच. या दोन वाक्यांमधलं अंतर बातमीच्या मथळ्यात मावत नाही.

"मग मी खाऊ काय?" काकांनी सरळ विचारलं.

"डॉक्टरांनी सांगितलंय तेच. फक्त लहान वाटीने." भाचीने कागदावर 'वाटी घरची, २४० मिली, मोजून' असं लिहून खाली रेघ ओढली. "अजून एकदा येते. रविवारी चालेल?"

"रविवार नको," काकू घाईने म्हणाल्या, "रविवारी मटण असतं."

"म्हणूनच रविवारी," भाची म्हणाली आणि वाट्या एकात एक घालून पिशवीत टाकल्या.