भट्टी बदलण्यापूर्वी उष्णतेचा हिशेब मांडा

वखारीतले लाकूड किलोवर मिळते, सिलिंडर नगावर, पाइपचा गॅस घनमीटरवर आणि वीज युनिटवर. चार मापे, चार दर. मग स्वस्त कोणते, हे बेकरीवाल्याने ठरवायचे कसे? जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड-कोळशावरील भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर नेण्यास सांगितले. त्यामुळे हा प्रश्न थेट गल्ल्याशी येऊन भिडला.

उपाय सोपा आहे. सर्व इंधने एकाच मापात आणावीत. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला लागणारी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी. ढोबळ आकडे असे :

• वीज, १ युनिट : ८६० किलोकॅलरी
• सुके लाकूड, १ किलो : ३,५०० (सुमारे ४ युनिट)
• पाइपचा गॅस, १ घनमीटर : ८,५०० (सुमारे १० युनिट)
• एलपीजी, १ किलो : ११,००० (सुमारे १३ युनिट)

म्हणजे १९ किलोच्या व्यापारी सिलिंडरमध्ये २,०९,००० किलोकॅलरी, अर्थात २४३ युनिट उष्णता असते. तेवढ्यासाठी सुके लाकूड ६० किलो लागेल.

आता दर काढा. समजा, लाकूड ८ रुपये किलो आहे. ८ला ४ने भागा. युनिटला २ रुपये पडले. सिलिंडर १,७०० रुपयांचा धरला, तर २४३ने भागून ७ रुपये. (हे दर उदाहरणापुरते, आपल्या बिलावरचे घ्यावेत.)

यावरून लाकूडच स्वस्त, असे मात्र लगेच समजू नये. भट्टीतली बरीच उष्णता धुराड्यावाटे जाते. लाकूड ओले असेल तर दुहेरी तोटा. दहा किलोत तीन किलो पाणी असेल, तर सरपण सातच किलो मिळाले. शिवाय त्या प्रत्येक किलो पाण्याची वाफ करण्यात सुमारे ६०० किलोकॅलरी खर्च होतात. गॅस काम संपताच बंद करता येतो. लाकूड जळतच राहते.

म्हणून खरा हिशेब मालावर करावा. एक आठवडा रोज किती इंधन लागले आणि मैद्याची किती पोती भाजली, हे वहीत लिहा. पोत्यामागे किती युनिट उष्णता लागते ते कळेल. गॅसवर गेलेल्या ओळखीच्या बेकरीचाही असाच आकडा घ्या आणि दोन्हींना आपापल्या दराने गुणा.

नवे यंत्र घेतानाही हेच गणित कामी येते. बर्नरवर ताशी ४०,००० किलोकॅलरी लिहिले असेल तर ८६०ने भागा : साडेसेहेचाळीस किलोवॅट. आकडा बीटीयूमध्ये असेल तर ४ने भागून किलोकॅलरी मिळतात. किलोवॅट म्हणजे यंत्राची ताकद. ते तितके तास पूर्ण शक्तीने चालले की युनिट होतात. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा ही दोन मिनिटांची आकडेमोड केव्हाही बरी.